शुद्धलेखनवाल्यास छळण्याचे सोपे धडे

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात, पहिल्याच समासात, अक्षर कसे काढावे आणि ओळ कशी राखावी हे लिहिणाऱ्याला शिकवले. दुसऱ्या दशकाच्या पहिल्या समासात त्यांनी मूर्खाची लक्षणे सांगितली. पण या दोन्ही समासांचा मिळून एक अभ्यासक्रम आखायचे काम तसेच राहून गेले होते. प्रस्तुत मार्गदर्शिका ती उणीव भरून काढते.

प्रवेश घेताना बहुतेक जण विचारतात, "चुका तर आमच्या आपोआपच होतात, त्या शिकायच्या कशाला?" हा गैरसमज आहे. अजाण माणूस अधूनमधून चुकून बरोबर लिहितो, आणि एक बरोबर शब्द सगळा डाव उधळून लावतो. हमखास चुकायचे तर बरोबर काय ते आधी पक्के ठाऊक असावे लागते. या अभ्यासक्रमात अडचण आहे ती एवढीच. तिचे दुष्परिणाम शेवटी दिले आहेत. प्रवेश शुल्क मात्र आधी भरावे.

पूर्वतयारी: सावज ओळखणे

शुद्धलेखनवाला गर्दीतही ओळखू येतो. लग्नपत्रिका हातात पडली की नवरी कोणाची हे पाहण्याआधी तो 'आशीर्वाद' कसा लिहिलाय ते पाहतो. हॉटेलात बसला की पदार्थ मागवत नाही, मेनूकार्ड तपासतो. त्याच्या खिशात पेन असते आणि ते लाल असते. पेनाशेजारी अरुण फडके यांचे 'शुद्धलेखन ठेवा खिशात' असते; पुस्तकाच्या नावातली आज्ञा शब्दशः पाळणारा वाचक तो हाच. घरी टेबलावर यास्मिन शेख यांचा 'मराठी शब्दलेखनकोश' आणि केसांत रुपेरी छटा असेल तर मो. रा. वाळंबे यांचे व्याकरण. हा प्राणी फक्त पुण्यात आढळतो, असे पुण्याबाहेरच्यांना वाटते आणि पुणेकरांनाही वाटते. प्रत्यक्षात त्याचा वावर नागपुरापासून पणजीपर्यंत आहे.

शुद्धलेखनवालीच्या वाटेला नवशिक्यांनी जाऊ नये. ती काही बोलत नाही. नुसती बघते.

धडा पहिला: ऱ्हास ह्रस्वाचा, दैन्य दीर्घाचे

साहित्य: एक वेलांटी, एक उकार.

सुरुवात नावापासूनच करावी. वहीवर ठळक अक्षरांत 'र्‍हस्व' आणि 'दिर्घ' असे लिहावे. पहिल्यात 'ह' आधी आणि 'र' मागाहून हवा, म्हणजे 'ह्रस्व'. दुसऱ्यात 'दी' स्वतःच दीर्घ हवी. दोन्ही शब्द आपापल्या नावाला जागले नाहीत, की दिवसाची बोहनी झाली म्हणून समजावे.

मग नियम. मराठी शब्दाच्या शेवटी अकारान्त अक्षर असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ होतो: फूल, मूल, गरीब, वकील, बहीण. प्रत्यय लागला की तोच ह्रस्व होतो: फुलाला, मुलाचा, गरिबाने, वकिलाकडे, बहिणीला. तुम्ही बरोबर उलट करायचे. 'फुल' लिहायचे आणि 'फूलाला' लिहायचे. पहिल्या शब्दाला सावज मनाशी म्हणेल, असेल नजरचूक. दुसऱ्याला त्याच्या लक्षात येईल की हे अज्ञान नाही, योजना आहे.

एवढे जमले की पुढची पायरी. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमाला जुमानत नाहीत. 'शरीर'चे 'शरीराला' होते आणि 'गुण' आहे तसा 'गुण'च राहतो. म्हणून होतकरू विद्यार्थ्याने नियम अतिउत्साहाने सगळीकडे लावावा: 'शरिराला', 'गूण'. 'कवी' एकटा असताना दीर्घ, पण 'कविसंमेलना'त ह्रस्व. 'गुरू' एकटा दीर्घ, पण 'गुरुपौर्णिमे'त ह्रस्व. समूहात गेले की कवी आणि गुरू दोघांनाही थोडे आखडून बसावे लागते, असे लक्षात ठेवल्यास विसर पडणार नाही. तुम्ही 'गुरूपौर्णिमा' लिहा. काळजी करू नका, गावातले सगळे फलक तुमच्या बाजूने आहेत.

या धड्यातला हुकमी एक्का म्हणजे 'दिन' आणि 'दीन'. 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे बिचारा. पाच सप्टेंबरला शाळेच्या फळ्यावर 'शिक्षक दीन' असे सुवाच्य अक्षरांत लिहावे. शुद्धलेखनवाला शिक्षक खडू उचलेल, क्षणभर थांबेल, आपल्या पगाराची तारीख आठवेल आणि खडू खाली ठेवेल.

प्रगत विद्यार्थ्यांसाठी 'सुत' आणि 'सूत'. 'सुत' म्हणजे मुलगा, 'सूत' म्हणजे सारथी. कुंतीचा सुत सूताच्या घरी वाढला. कर्णाच्या जन्मभराच्या दुःखाचे कारण या एका उकारात मावते. तो सुद्धा तुम्ही चुकवू शकता.

धडा दुसरा: 'त'चे पुनर्वसन

महाराष्ट्रातील 'त' या अक्षराचा एकूण साठा ठरलेला आहे. एका ठिकाणचा काढला की तो दुसरीकडे बसवावा लागतो. प्रथम 'महत्त्व' घ्यावे. हा शब्द 'महत्' आणि 'त्व' यांचा, म्हणून त्यात दोन 'त' आहेत. 'तत्त्व' आणि 'व्यक्तिमत्त्व' यांचेही तसेच. यांतला प्रत्येकी एक 'त' काढून घ्यावा: 'महत्व', 'तत्व', 'व्यक्तिमत्व'. आता हे मोकळे झालेले 'त' वाया जाऊ देऊ नयेत. 'नेतृत्व', 'मातृत्व' यांच्या 'त्व'ला एकच 'त' असतो, कारण 'नेतृ' आणि 'मातृ' यांच्याकडे स्वतःचा जास्तीचा 'त्' नाही. त्यांना एक एक देऊन टाकावा: 'नेतृत्त्व', 'मातृत्त्व'. नेतृत्वाला काहीही दिले तरी ते नको म्हणत नाही.

तरीही 'त' उरले, तर 'स्र' शोधावा. 'स्रोत', 'सहस्र', 'हिंस्र', 'रक्तस्राव' यांच्या 'स्र'मध्ये 'त' मुळीच नाही. तेथे तो घालून 'स्त्रोत', 'सहस्त्र', 'हिंस्त्र', 'रक्तस्त्राव' करावे. शेवटचा शब्द वाचताना सावजाला नेमके तेच होते, असा अनुभव आहे.

त्याच बैठकीत 'उज्ज्वल' आणि 'तज्ज्ञ' यांचा एकेक 'ज' उतरवून ठेवावा. 'उज्वल भविष्यासाठी तज्ञ मार्गदर्शन' हा फलक एखाद्या शिकवणीच्या वर्गावर लागला, की भविष्य आणि मार्गदर्शन दोन्हींचा अंदाज बाहेरूनच येतो.

सरतेशेवटी 'द' आणि 'ध' यांची अदलाबदल. 'शुद्ध', 'प्रसिद्ध', 'पद्धत' यांत आधी 'द' आणि मग 'ध'. जीभही त्याच क्रमाने वळते. 'शुध्द' म्हणून पाहा, घशाला त्रास होईल. पण लिहिताना घसा लागत नाही. 'शुध्दलेखन स्पर्धा' असा फलक लावता आला, तर या धड्यात पूर्ण गुण.

धडा तिसरा: दोन क्रियापदांत अख्खा संसार

वेलांट्या-उकार फक्त डोळ्यांना छळतात. शुद्धलेखनवाल्याच्या काळजाला हात घालायचा असेल, तर क्रियापद गाठावे.

मराठीत क्रियापदे फार झाली आहेत. नवशिक्याने दोनच ठेवावीत: 'बनवणे' आणि 'टाकणे'.

सकाळी चहा बनवावा, मग पोळ्या बनवाव्यात, भाकरी बनवावी, लाडू बनवावेत, चकल्या बनवाव्यात, लोणचे बनवावे, दारात रांगोळी बनवावी. शुद्धलेखनवाल्याच्या घरी चहा करतात, पोळ्या लाटतात, भाकरी थापतात, लाडू वळतात, चकल्या पाडतात, लोणचे घालतात, दही विरजतात आणि रांगोळी काढतात. त्याच्या मते, बनवतात ते माणसाला. सचिन पिळगावकरांनी १९८८ साली 'अशी ही बनवाबनवी' काढला तेव्हा तो स्वयंपाकावरचा चित्रपट आहे, असे कोणालाही वाटले नव्हते. 'आईने आज छान जेवण बनवले' हे वाक्य ऐकले की त्याला त्या माउलीविषयी संशय येऊ लागतो.

मग 'टाकणे'. कढईत तेल टाका, मोहरी टाका, कांदा टाका, चवीपुरते मीठ टाका. शुद्धलेखनवाल्याच्या कोशात टाकतात तो कचरा, किंवा उसासा, किंवा फार तर नवऱ्याने बायकोला; मीठ घालतात. दूरचित्रवाणीवर पाककृती सुरू असताना तो सोफ्यावरून "घाला! घाला!" असे ओरडताना आढळल्यास घाबरू नये.

चिरणे, किसणे, खवणे, सोलणे, निवडणे, कुटणे, वाटणे हे सगळे 'कापणे' या एका शब्दात उरकावे. 'मेथी कापली' म्हणावे. खरे तर मेथी आधी निवडतात, मग चिरतात, गवारीच्या शेंगा मोडतात, नारळ फोडतात आणि खोबरे खवतात, मटार सोलतात, चटणी वाटतात आणि शेंगदाण्यांचा कूट कुटतात. आणि या सर्वांवर कडी करायची असेल, तर लग्नसमारंभात एखाद्या बाईला म्हणावे, "काय सुंदर साडी घातली आहे!" साडी नेसतात. सदरा घालतात, फेटा बांधतात, शाल पांघरतात, गजरा माळतात, बांगड्या भरतात, टिकली लावतात. क्रियापद ऐकूनच कळते की हात कुठे चालला आहे: मनगटाशी, केसांत, कपाळावर, का कमरेशी निऱ्यांत. आंधळ्या माणसालाही पलीकडच्या खोलीत कोण कशी तयार होते आहे ते दिसावे, अशी ही योजना. वस्तूचे नाव न घेता तिचा आकार सांगणारी क्रियापदे आणि ती आपण एकेक करून...

येथे मार्गदर्शिकेचा सूर किंचित ढळला. दिलगीर आहोत. विद्यार्थ्यांनी मागील चार वाक्ये वहीत उतरवू नयेत.

धडा चौथा: आयात माल

हिंदीतून वाक्य आणून त्याला मराठी शब्द चढवावेत. 'माझी मदत कर', 'वाढदिवस मनवला', 'मी त्याला बोललो की उद्या ये'. शुद्धलेखनवाला 'मला मदत कर' म्हणतो, वाढदिवस साजरा करतो आणि त्याला 'म्हणतो' किंवा 'सांगतो'. मराठीत एखाद्या'शी' बोलणे वेगळे आणि एखाद्या'ला' बोलणे वेगळे. दुसऱ्यात रागावणे येते. म्हणून 'साहेब मला बोलले' एवढे सांगताच जुन्या वळणाचा सहकारी तुमच्या खांद्यावर हात ठेवतो, आणि साहेब बिचारे एवढेच बोललेले असतात की पंखा बंद करा.

"पाकीट भेटले" असे सांगून पाहावे. सावज विचारेल, "हो का? काय म्हणत होते?" हा विनोद ते चाळीस वर्षे करत आले आहे. हसावे. तेवढी माणुसकी ठेवावी.

पण एक गोष्ट ध्यानात असू द्या. परका शब्द आला म्हणून सावज चिडेल, अशी आशा बाळगू नका. पहिल्या धड्यात आपण नियमाची उदाहरणे दिली, त्यातले 'गरीब' आणि 'वकील' अरबीतून आलेले आहेत. 'मदत' सुद्धा तिकडचीच. भाषाशुद्धीचा हिरिरीने पुरस्कार करणारे कवी माधव ज्यूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, हे स्वतः फारसीचे प्राध्यापक होते आणि १९२५ साली त्यांनी फारसी-मराठी कोश सिद्ध केला. बाहेरून आलेल्या शब्दाने या घरात मराठी प्रत्यय अंगावर घेतला, उपान्त्य इकार ह्रस्व-दीर्घ करून घेतला, 'वकिलाकडे' जाऊ लागला, म्हणजे तो घरचाच झाला. शुद्धलेखनवाल्याला राग पाहुण्याचा येत नाही; पाहुण्याने येऊन घरच्या भिंती हलवल्याचा येतो. म्हणून छळायचे असेल तर शब्द आणू नका, वाक्यरचना आणा.

धडा पाचवा: फलक, पत्रिका आणि ध्वनिक्षेपक

आतापर्यंत आपण एका माणसाला छळत होतो. आता शे-दोनशे एकदम.

प्रवेशद्वारावर 'सुस्वागतम' लावावे. 'सु' आणि 'आगत' मिळून 'स्वागत' आधीच झालेले असते. तुम्ही त्याला दाराशी अडवून आणखी एक 'सु' द्यायचा. पत्रिकेत 'शुभाशिर्वाद' आणि खाली 'शुभेच्छूक'. पाहुण्यांत अनसूया नावाच्या आजी असतील तर त्यांना 'अनुसूया' करावे. असूया नसलेली ती अनसूया, पण एवढे झाल्यावर तिलाही थोडी येईल.

कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटी 'अल्पोपहार' लिहावे. 'उपाहार' म्हणजे खाणे, 'उपहार' म्हणजे भेट. 'अल्पोपाहारा'ला पोहे असतात. 'अल्पोपहार' वाचून शुद्धलेखनवाला रिकामी पिशवी घेऊन येतो आणि छोटीशी भेटवस्तू मागतो. गावोगावच्या 'उपहारगृहां'त तो दरवेळी विचारतो की भेट आहे तर बिल कशाचे. मालकांनी आता त्याच्याकडे दुर्लक्ष करायचे ठरवले आहे.

सूत्रसंचालन करताना प्रमुख पाहुण्यांच्या 'चातुर्यतेची' आणि त्यांच्या पत्नीच्या 'सौंदर्यतेची' प्रशंसा करावी. चतुराजवळ चातुर्य असते किंवा चतुरता असते. दोन्ही शेपट्या एकदम लावल्याने गुण दुप्पट होतो, अशी समजूत आहे. पाहुणे 'कोट्यधीश' असतील तर त्यांना 'कोट्याधीश' म्हणावे. कानामात्रेची वाढ कोणालाही आवडते. समारोपाला "मी सर्वांचे धन्यवाद मानतो" म्हणावे. आभार मानतात आणि धन्यवाद देतात, हे पहिल्या रांगेतले सावज तोवर पुटपुटू लागलेले असेल.

प्रात्यक्षिकासाठी उत्तम दिवस २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. आधी त्याला 'मराठी राजभाषा दिन' म्हणावे, जो खरे तर १ मे रोजी असतो. मग फलकावर 'मराठी भाषा गौरव दीन' असे छापावे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचाही उल्लेख 'अभीजात' असा करावा. हा फलक चौकात महिनाभर राहतो. सावजाला कामावर जाण्यासाठी दुसरा रस्ता शोधावा लागतो.

धडा सहावा: येथे शिकारीस बंदी आहे

काही विद्यार्थी या टप्प्यावर विचारतात की आमच्या गावची आजी 'पानी' म्हणते, 'व्हतं' म्हणते, नागपूरचे मामा 'जेवण करून राहिलो' म्हणतात, आमच्याकडे वस्तूही 'भेटते'. तर आम्हाला थेट पदवी मिळेल का?

नाही. हे या अभ्यासक्रमात बसत नाही, कारण ती चूक नाही. आजी तिची भाषा तंतोतंत बोलते आहे. तिच्या बोलीचे नियम तुमच्या छापील नियमांपेक्षा जुने असतील आणि ती ते कधी मोडत नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी १९५२ साली छापली गेली ती त्यांच्या खानदेशी बोलीतच. मुद्रितशोधकाने लाल पेन चालवून 'शुद्ध' केली असती, तर मराठीचे केवढे नुकसान झाले असते ते मोजता आले नसते. जो शुद्धलेखनवाला आजीच्या 'न'ला हसतो आणि चौकातल्या चाळीस फुटी फलकापुढे गप्प बसतो, तो सावज नव्हे. त्याला छळण्यातही मौज नाही.

शिवाय ज्या नियमांवर आपला हा सगळा खेळ चालतो, त्यांचे वय पाहा. दादोबा पांडुरंगांनी मराठीचे व्याकरण १८३६ साली छापले. आज आपण ज्याला शुद्धलेखन म्हणतो ते साहित्य महामंडळाचे नियम सरकारने १९६२ साली मान्य केले. ते चौदा होते, १९७२ साली आणखी चार आले आणि अठरा झाले. त्याआधी काळजीने लिहिणारा माणूस 'नांव', 'पांच', 'केलें' असे टिंबे देऊन लिहीत असे. उच्चारात नसलेली टिंबे नियमाने उडवली आणि जन्मभर ती न चुकता देणारे लोक एका फटक्यात चुकीचे ठरले. त्यांनी काय केले? नवे नियम शिकले आणि 'केलें' लिहिणाऱ्यांवर चिडू लागले.

म्हणून सावजाच्या चिडण्यातही दोन जाती आहेत, त्या शिकाऱ्याला ओळखता याव्यात. वेलांटी महामंडळाने ठरवलेली आहे. उद्या महामंडळ ती बदलेल आणि सावज महिनाभर कुरकुरून नव्या वेलांटीचे रक्षण करू लागेल. पण नेसणे, माळणे, वळणे, विरजणे ही क्रियापदे कोणत्याही सरकारी निर्णयाने आलेली नाहीत. ती बायकांच्या हातांनी केली. ती गेली तर कोणतेही महामंडळ परत आणू शकणार नाही.

पुन्हा सूर ढळला. क्षमस्व.

दुष्परिणाम

अभ्यासक्रम मनापासून पूर्ण करणाऱ्यांना तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून पुढील लक्षणे जाणवू शकतात: बसच्या मागची पाटी वाचताना कपाळावर आठी येणे, पाककृती बघताना मध्येच "घाला" असे तोंडून निघणे, पत्रिका आल्यावर आधी 'आशीर्वाद' शोधणे, पेन विकत घेताना लाल रंगाकडे हात जाणे. यावर औषध नाही. चुका शिकवता शिकवता या मार्गदर्शिकेच्या लेखकालाही याच मार्गाने लागण झाली, हे सुज्ञ वाचकांनी एव्हाना ओळखले असेलच.

प्रमाणपत्र

सर्व धडे पूर्ण करणाऱ्यांना सोनेरी कडांचे प्रमाणपत्र घरपोच मिळेल. त्यावर तुमच्या नावाखाली 'प्रथम श्रेणीत उत्तिर्ण' असे छापलेले असेल.

ते चौकटीत लावून दिवाणखान्यात टांगणारे उत्तीर्ण समजले जातील. बाकीच्यांनी 'ति'ला दीर्घ करून ते परत पाठवावे. एवढी प्रमाणपत्रे परत येतात, की आता आम्ही पाकिटात सोबत लाल पेनही घालतो.

घालतो. टाकत नाही.